चकाकी आणि कवच : फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या धातुभागांची स्वच्छता व झिलई

इंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरवणाऱ्या, म्हणजेच फोर-व्हील-ड्राइव्ह, गाडीला चिखल, वाळू, ओढ्याचे पाणी आणि दगडधोंडे यांतून वाट काढावी लागते, आणि त्यामुळे तिच्या धातुभागांची निगा शहरी मोटारीच्या सवयींनी राखता येत नाही. या निगेबाबत सध्या दोन टोकाच्या समजुती रूढ आहेत. एका समजुतीनुसार बंपर, चाके, सायलेन्सरचे टोक, नट-बोल्ट असा प्रत्येक उघडा भाग लखलखीत असला पाहिजे. दुसरीनुसार रानावनात फिरणारी गाडी मळलेलीच शोभते आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ती एकदा धुतली की पुरे. धातूच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात काय असते, याचा विचार या दोन्ही समजुतींत फारसा झालेला दिसत नाही.

या विषयाचा नीट आढावा घ्यायचा तर एकाच नावाखाली खपणाऱ्या तीन क्रिया आधी वेगळ्या कराव्या लागतात. स्वच्छता म्हणजे बाहेरून येऊन धातूवर बसलेले द्रव्य काढणे. गंजनिर्मूलन म्हणजे धातूपासूनच तयार झालेली संयुगे काढणे. आणि झिलई म्हणजे खुद्द धातूचा किंवा त्याच्या मुलाम्याचा सूक्ष्म थर घासून पृष्ठभाग इतका सपाट करणे की त्यावरून प्रकाश एका दिशेने परावर्तित व्हावा. पहिली क्रिया गाडीच्या सर्व भागांना आवश्यक आहे, दुसरी काही भागांना लागते, तर तिसरी अगदी मोजक्या भागांनाच मानवते.

पार्श्वभूमी

या जातीच्या गाडीच्या सुरुवातीच्या काळात चकाकी मुद्दाम टाळली जात असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या, आणि उन्हात चमकलेला धातू शत्रूला दुरून दिसतो म्हणून त्यांना मळकट हिरवा, बिनचमकीचा रंग देण्यात आला. युद्धानंतर हीच गाडी शेतावर आणि रस्त्यावर आली तेव्हा तिच्या नागरी रूपांवर क्रोमचा मुलामा दिसू लागला. भारतात महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे अनेक दशके जाड पोलादी पत्र्याची जीप हीच मराठी मुलखातील जंगलखाते, पोलीस, पाटबंधारे खाते आणि बागायतदार यांची गाडी राहिली.

ब्रिटनमध्ये मात्र युद्धोत्तर काळात पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ साली आलेल्या लँड रोव्हरचे अंग बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूच्या पत्र्याचे आणि सांगाडा, म्हणजे चॅसी, पोलादाची अशी योजना करण्यात आली. असा ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही ही समजूत फार काळ टिकली नाही, कारण दोन्ही धातू जिथे स्क्रूने किंवा रिव्हेटने जोडलेले होते तिथेच ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागली. भारतात १९८५ मध्ये मारुती जिप्सी आणि २०१० मध्ये महिंद्र थार आली. आजच्या अशा गाडीत साधे पोलाद, जस्त चढवलेले पोलाद, बिडाचे ओतीव भाग, ॲल्युमिनियमची चाके, स्टेनलेस पोलादाचे नळ आणि तांबे-पितळेची विद्युत टोके असे निदान सहा प्रकारचे धातुपृष्ठ एकत्र नांदतात. त्यामुळे ‘मेटल पॉलिश’ अशा एकाच नावाचा डबा सगळ्यांना चालेल ही अपेक्षा मुळातच चुकीची ठरते.

प्रत्येक धातूचे निराळे कवच

धातू हवेत टिकतो तो त्याच्या अंगावरील एखाद्या थराच्या जोरावर, आणि हा थर कोणता हे कळले की त्या धातूची निगा कशी राखायची हे बहुतांशी ठरून जाते. तांब्या-पितळेच्या भांड्यावरची कल्हई जशी अन्नाचे रक्षण करते आणि राखेने रोज खसाखसा घासल्यास लवकर झिजते, तसाच या थरांचा व्यवहार आहे.

साध्या पोलादाला स्वतःचे भरवशाचे कवच नसते. लोह, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की जलयुक्त लोह ऑक्साइड, म्हणजे गंज, तयार होतो; तो मूळ लोहापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून एकदा सुरू झालेला गंज स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हवा त्या मर्यादेच्या खाली क्वचितच उतरते. पोलादाला म्हणून उसने कवच द्यावे लागते. कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा थर आणि नंतर विजेच्या साह्याने बसवलेला प्रायमर चढवतात, तर नट-बोल्ट आणि कंस यांवर जस्ताचा मुलामा देतात. जस्त लोहापेक्षा लवकर झिजते आणि स्वतः झिजून पोलादाला वाचवते, म्हणून जस्त चढवलेल्या बोल्टावर दिसणारी पांढुरकी पूड हा दोष नसून मुलामा आपले काम करीत असल्याची खूण असते, आणि ती वायर ब्रशने खरवडून काढणे म्हणजे उरलेले संरक्षणही काढून टाकणे होय.

क्रोमच्या मुलाम्याबद्दलचा गैरसमज सर्वांत जुना आहे. बंपरवर दिसणारी निळसर चमक क्रोमियमची असली तरी तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. गंजापासून खरे रक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो, जो त्याच्या कित्येक पट जाड असतो. क्रोमियमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, आणि निकेल जिथे कमी पडले तिथे ओल पोलादापर्यंत पोहोचून तपकिरी ठिपके उमटतात. असे ठिपके दिसणे याचा अर्थ क्रोम गंजले असा नसून खालचे पोलाद गंजून वर आले असा असतो, आणि त्यावर कितीही पॉलिश घासले तरी मुलामा पुन्हा चढत नाही.

ॲल्युमिनियमचे कवच त्याचे स्वतःचे असते. कापलेल्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड थर आपोआप तयार होतो, पण हा थर आम्ल आणि अल्कली या दोहोंत विरघळतो. साधारण ४ ते ९ या सामूच्या दरम्यान, म्हणजे फार आंबट नाही आणि फार खारट-सोड्याचेही नाही अशा द्रावणातच, तो सुरक्षित राहतो. कॉस्टिक सोडा असलेला स्वस्त डीग्रीझर चाकांवर मारल्यावर ती काळवंडतात याचे कारण हेच आहे.

स्टेनलेस पोलादाचा शोध हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्ड येथे लावला असे सामान्यतः मानले जाते. त्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याचा अदृश्य ऑक्साइड थर ओरखडा पडला तरी पुन्हा जुळून येतो. मात्र साध्या पोलादाच्या ब्रशने ते घासल्यास लोहाचे कण त्यात रुतून बसतात आणि पुढच्या पावसात त्या कणांचा गंज स्टेनलेसवर उमटतो. ‘स्टेनलेसही गंजते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा असा चुकीचा ब्रश असतो. सायलेन्सरचे नळ सुमारे ११ टक्के क्रोमियमच्या हलक्या प्रतीच्या स्टेनलेसचे असतात, त्यांवर तपकिरी छटा येणे स्वाभाविक असून त्याने नळाच्या आयुष्याला धोका नसतो.

पितळ व तांबे या गाड्यांत बॅटरीची टोके, जुन्या रेडिएटरचा गाभा आणि काही जोड यांतच आढळतात. मराठी स्वयंपाकघरात चिंचेने किंवा आमसुलाने पितळ उजळण्याची जी रीत आहे तिच्यामागे सेंद्रिय आम्लांनी ऑक्साइड विरघळवण्याचेच तत्त्व आहे, आणि शोभेच्या पितळी भागावर ती आजही चालते. अमोनियायुक्त पॉलिश मात्र ताणाखाली असलेल्या पितळी जोडावर वापरू नये. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करात पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळकांड्यांना आपोआप तडे जात, आणि त्याचे कारण घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया व नळकांड्यांतील अंतर्गत ताण यांच्या संयोगात सापडले, हा धातुशास्त्रातील प्रसिद्ध दाखला या सावधगिरीचा आधार आहे.

गाडीवर बसणारी द्रव्ये

कोकणातील जांभ्या दगडाची तांबडी माती आणि देशावरील काळी माती या दोन्ही गाडीला चिकटतात, पण निरनिराळ्या रीतीने. जांभ्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे रासायनिकदृष्ट्या गंजाच्याच कुळातला असल्यामुळे चॅसीवरील तांबडा डाग मातीचा की गंजाचा हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून डाग गेला आणि खालचा रंग अभंग राहिला तर ती माती होय. बोटाला खरखर लागली, रंगाचा फुगवटा हाताला जाणवला किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तो गंज समजावा. काळ्या मातीत माँटमॉरिलोनाइट जातीची चिकणखनिजे असतात, ती पाणी शोषून फुगतात आणि सावकाश वाळतात. म्हणून चॅसीच्या पोकळीत, पाट्यांच्या म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पानांमध्ये आणि मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेला काळा चिखल बाहेरून वाळलेला दिसला तरी आत कित्येक दिवस ओला राहतो.

समुद्रकाठचे मीठ त्याहून घातक असते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, आणि ते ओलीला वीजवाहक बनवून गंजाचा व भिन्न धातूंमधील झिजेचा वेग वाढवतात. मीठ हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही खारवलेला पत्रा ओलाच राहतो. किनाऱ्यावर गाडी प्रत्यक्ष पाण्यात घातली नाही तरी खाऱ्या वाऱ्याचा परिणाम होतो तो यामुळेच.

चाकांवर बसणारी काळी पूड ब्रेक-पॅड आणि डिस्क यांच्या झिजेतून येते आणि तिच्यातील तापलेले लोहकण चाकाच्या लेपात रुतून बसतात. ते काढण्यासाठी थायोग्लायकोलेट जातीची द्रावणे मिळतात, जी लोहाशी संयोग पावून जांभळी होतात. हा रंग दिसला की द्रावण लोहकणांवर काम करते आहे एवढेच सिद्ध होते, आणि ते वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवून टाकावे लागते. विंधन विहिरीच्या जड पाण्याने धुतलेल्या गाडीवर कॅल्शियमचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून अशा भागात शेवटचे पाणी फडक्याने टिपून घेणे हा धुण्याचाच भाग मानला पाहिजे.

धुण्याचा क्रम

धुण्याचे काम खालून वर करावे, कारण चॅसी आणि अॅक्सल धुताना उडालेला चिखल वरच्या पत्र्यावर पडतोच. गाडी रॅम्पवर घेऊन आधी कमी दाबाच्या भरपूर पाण्याने चिखल भिजवून सैल करावा आणि मगच दाबाचा फवारा वापरावा. दाबाचा फवारा चाकांच्या बेअरिंगचे सील, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, विजेचे जोड आणि रेडिएटरच्या पापण्या यांवर जवळून रोखल्यास पाणी सीलच्या ओठापलीकडे जाते आणि आतील ग्रीस धुऊन काढते. चॅसीच्या पेटीसारख्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी भोके असतात. ती तारेने मोकळी करून आतून पाणी सोडावे आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहावे, कारण जुन्या जीपची चॅसी बहुधा आतून बाहेर सडत जाते आणि बाहेरून भोक दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो.

लांबच्या प्रवासाहून आलेली गाडी लगेच गार पाण्याने धुणे टाळावे. तापलेला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत गती वाटून देणारी दातेरी चक्रांची पेटी, एकदम थंड झाला की आतील हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याची नळी, चिखलाने बुजलेली असेल तर सीलवाटे पाणी आत ओढले जाते. ओढा पार करतानाही हेच घडते, म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल दुधाळ झाले आहे काय हे पाहण्याचा प्रघात पडला आहे. तेलकट भागांवर गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल मारण्याची पद्धत आहे; त्याने तेल सुटते हे खरे, पण रबरी बुश फुगतात आणि मागे राहिलेला तेलकट पापुद्रा धूळ पकडतो, म्हणून पाण्यात मिसळणारा, सौम्य सामूचा डीग्रीझर अधिक योग्य ठरतो.

गंज काढण्याचे मार्ग

यांत्रिक मार्गांत वायर ब्रश, काचपेपर आणि कणांचा मारा येतात. कणांचा मारा, म्हणजे ब्लास्टिंग, चॅसी आणि अॅक्सलसारख्या जाड भागांना योग्य आहे, पण पातळ पत्रा त्याने तापून आणि ताणून वाकडा होतो. नदीची वाळू वापरून केलेल्या ब्लास्टिंगमुळे सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. ओतीव भाग साफ करण्यासाठी वाळूचा असा वापर ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी थांबवला, तरी स्वस्त वाळू अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहे. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड हे पर्याय आहेत. नाजूक भागांसाठी खाण्याच्या सोड्याचा मारा करतात. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या १९८० च्या दशकातील दुरुस्तीत तांब्याच्या आतल्या बाजूवरील डांबर याच पद्धतीने काढण्यात आले होते.

रासायनिक मार्गांत सायट्रिक आणि फॉस्फोरिक ही आम्ले प्रमुख आहेत. सायट्रिक आम्ल गंज विरघळवते. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोह फॉस्फेटात रूपांतर करते व पुढच्या प्रायमरला पकड देते. ‘रस्ट कन्व्हर्टर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या द्रावणांत बहुधा टॅनिक आम्ल असते, ते लोहाशी मिळून निळसर काळा थर तयार करते. हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांपासून शाई करण्याच्या जुन्या पद्धतीतही हीच क्रिया घडत असे. मात्र ही द्रावणे पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चालतात. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ती मारली तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. आम्लांचा आणखी एक धोका फारसा सांगितला जात नाही. उच्च ताकदीचे बोल्ट आणि स्प्रिंगचे पोलाद आम्लात बुडवले की निर्माण होणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होऊन भाराखाली अचानक तुटू शकते. म्हणून पाटे, यू-बोल्ट आणि स्टिअरिंगचे जोड आम्लाने साफ न करता ब्रशनेच साफ करावेत.

सुटे करता येणाऱ्या पोलादी भागांसाठी विद्युत-रासायनिक मार्ग सर्वांत कमी झीज करणारा आहे. प्लॅस्टिकच्या टबात लिटरमागे एखादा लहान चमचा धुण्याचा सोडा विरघळवून गंजका भाग बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा टाकाऊ लोखंडी तुकडा धन टोकाला जोडला की काही तासांत गंज सैल होतो आणि चांगले पोलाद जसेच्या तसे राहते. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी षट्संयुजी क्रोमियम द्रावणात उतरते. आणि या क्रियेत हायड्रोजन सुटत असल्याने ती उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावी. हा मार्गही स्प्रिंग व उच्च ताकदीच्या बोल्टांना वर्ज्य आहे, कारण हायड्रोजन इथेही त्याच पृष्ठभागावर तयार होतो.

झिलईचे शास्त्र आणि कारागिरी

झिलई करताना धातूचे नेमके काय होते, याबद्दल दीर्घकाळ मतभेद राहिले. न्यूटन यांनी १७०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात झिलई म्हणजे अधिकाधिक बारीक ओरखडे पाडत जाणे असे मानले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज बिल्बी यांनी मांडले की घासताना वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खळगे भरून काढतो, आणि १९३७ मध्ये बाउडन व ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेशी त्याचा संबंध जोडला. १९५० नंतर लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासातून धातूंच्या बाबतीत सूक्ष्म कापणीचाच वाटा मोठा असल्याचे दिसून आले. या वादाचा व्यावहारिक निष्कर्ष असा की झिलई दर वेळी धातू कमी करते, खळगे भरत नाही. आणि म्हणून मुलामा दिलेल्या भागावर ती ठरावीक वेळाच करता येते.

कारागिरीचा क्रम यातूनच निघतो. उघड्या ॲल्युमिनियमचा भाग, उदाहरणार्थ जुन्या गाडीचा लेप नसलेला व्हॉल्व्ह-कव्हर, आधी तेलमुक्त करतात. मग २२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून ६००, १०००, २००० असे पाणी लावत चढत जातात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलतात, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाहीत हे तिरप्या उजेडात दिसते; ते राहिले असताना पुढचा पेपर घेतल्यास शेवटी चकाकीखाली तेच ओरखडे उघडे पडतात. त्यानंतर सुती बफावर तपकिरी ट्रिपोली आणि शेवटी तलम पेस्ट वापरतात. पोलादासाठी हिरवे क्रोमियम ऑक्साइड आणि मृदू धातूंसाठी तांबडा रूज वापरतात. हा रूज म्हणजे बारीक दळलेले लोह ऑक्साइडच असते, म्हणजे एका रूपात धातू खाणारे संयुग दुसऱ्या रूपात तो उजळते.

ॲल्युमिनियम पुसताना फडके काळे होते आणि घासणारा ते मळ समजून घासतच राहतो. प्रत्यक्षात तो काळपटपणा धातूच्या सूक्ष्म कणांचा असतो आणि धातू संपेपर्यंत तो थांबणार नसतो. याच खुणेचा उपयोग परीक्षेसाठी होतो. चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे, पांढरे राहिले तर त्यावर पारदर्शक लेप आहे, आणि अशा चाकाला धातूचे पॉलिश न लावता रंगाची काळजी घेणारा सौम्य शॅम्पू व मेणच लावावे. या लेपाला दगड लागून टवका उडाला की खारट ओल आत शिरते आणि लेपाखाली केसासारख्या पांढऱ्या रेषा सरपटत जातात. त्यावर वरून घासण्याचा काही उपयोग नसतो, लेप काढून पुन्हा चढवावा लागतो.

क्रोमवरील हलक्या ठिपक्यांसाठी ॲल्युमिनियमची पातळ पन्नी पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवण्याचा उपाय खरोखर चालतो. पन्नी क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असल्याने मुलाम्यावर ओरखडा पडत नाही आणि गंजाचे टोक मात्र निघते. मुलामा पापुद्र्यासारखा सुटला असेल तर मात्र भाग पुन्हा मुलाम्याला देण्याखेरीज मार्ग नाही.

झिलई कुठे वर्ज्य

काही भागांत गुळगुळीतपणा ही शोभा नसून कार्य असते. विलीज जीप, जुन्या लँड रोव्हर आणि जिप्सी यांसारख्या गाड्यांत पुढच्या अॅक्सलच्या टोकाला गोलाकार भाग असतो, ज्याभोवती चाक वळते आणि ज्यावर सीलचा ओठ सतत घासत असतो. अनेक लँड रोव्हर गाड्यांत त्यावर क्रोमचा मुलामा असतो. या गोळ्यावर वाळलेला चिखल राहिला की चाक वळताना तोच सीलला कापतो, आणि गोळ्याला खळगे पडले की तेल गळू लागते. म्हणून तो मऊ फडक्याने पुसावा, त्यावर काचपेपर कधीही फिरवू नये. शॉक-ॲब्सॉर्बरच्या दांड्यालाही हाच नियम लागू आहे. ब्रेकच्या डिस्कवर धुतल्यानंतर येणारा तांबूस पापुद्रा पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. त्यावर पॉलिश, मेण किंवा गंजरोधक तेल लावणे म्हणजे ब्रेक निकामी करणे होय.

कवच परत देणे

स्वच्छ केलेला धातू लेपाविना ठेवला तर तो मळक्या धातूपेक्षाही लवकर बिघडू शकतो. झिलई केलेल्या उघड्या भागांवर मेण किंवा पॉलिमरचा लेप, रंगवलेल्या पोलादावर प्रायमर व रंग, आणि चॅसीच्या पोकळीत पातळ, सरपटणारे मेण किंवा लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचा फवारा अशी सर्वसाधारण योजना आहे. डांबरी अंडरबॉडी कोटिंग दगडांच्या माऱ्यापासून वाचवते, पण ते कडक होऊन तडकले की त्याआड ओल कोंडते आणि गंज नजरेआड वाढतो. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर घाईने मारलेले कोटिंग तर गंजाला आश्रयच देते. जळके इंजिन ऑइल खालून फवारण्याची जुनी पद्धत गंज काही काळ रोखते, पण ती रबर खराब करते आणि पहिल्याच पावसात ते तेल शेतात व ओढ्यात उतरते, म्हणून ती सोडून दिलेली बरी. भिन्न धातूंच्या जोडात, जसे ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लावलेला पोलादी बोल्ट, प्लॅस्टिकची चकती किंवा विद्युतरोधक लेप घालून दोघांचा थेट स्पर्श तोडावा. बॅटरीची टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, कोरडी करून, जोडल्यावर त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. टोके काढताना ऋण टोक आधी काढण्याचा नियम पाळावा.

काम करणाऱ्याचे आरोग्य

चाके झटपट उजळणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असते. सौम्य द्रावण त्वचेवर पडले तर लगेच आग होत नाही, पण फ्लुओराइड आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि काही तासांनी असह्य वेदना सुरू होतात. असे द्रावण गॅरेजमध्ये ठेवूच नये हे उत्तम. जुन्या लष्करी गाड्यांच्या काही नट-बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा आणि जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून हे भाग कोरडे घासणे किंवा त्यांवर हवेचा झोत मारणे टाळून ओल्या फडक्याने पुसावेत. बफाच्या चाकावर वस्तू नेहमी मध्याच्या खाली आणि कड मागे राहील अशी धरतात, कारण उलटी धरलेली कड बफ हिसकावून घेतो. ॲल्युमिनियमची कोरडी पूड ज्वालाग्राही असते. ती ग्राइंडरच्या लोखंडी ठिणग्यांजवळ साठू देऊ नये.

निष्कर्ष

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या निगेत वेळ आणि पैसा यांचा मोठा वाटा दिसणाऱ्या भागांच्या चकाकीवर खर्च होतो, तर गाडीचे आयुष्य ठरते ते चॅसीच्या आतल्या ओलीवर, ब्रीदरच्या नळीवर, सीलच्या ओठावर आणि भिन्न धातूंच्या जोडांवर. एखादे उत्पादन किंवा उपाय निवडताना तो किती चकाकी देतो हे न विचारता तो धातूचे कवच राखतो की काढतो, आणि काढत असेल तर त्या जागी काय देतो, हे विचारले पाहिजे. ज्या भागाचा धातू आणि लेप ओळखता आला नाही त्याला सौम्य साबणाच्या पाण्यापलीकडे काहीही लावू नये. पावसाळा संपताच चॅसीची निचऱ्याची भोके मोकळी करून ती आतून धुवावी, आणि पूर्ण वाळल्यावर तिच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घ्यावा. बंपरचे पॉलिश त्यानंतर सवडीने करता येईल.